सकाळची एसटी येत नाही, पोरी वडापला, म्हणजे खासगी प्रवासी जीपला, लटकतात. दाद कुणाकडं मागायची?

डोंगराकडची आई (सातारा जिल्हा):
लेक अकरावीला, तालुक्याला जाते. आधी गावात मुक्कामी गाडी असायची, ती बंद झाली. आता सकाळी पावणेसातला येणारी फेरी आठवड्यातून दोन-तीनदा येतच नाही. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर त्या पासाचं करायचं काय? परवा वडापच्या मागच्या फळीवर सात पोरी होत्या. माझी एका हातात दप्तर, दुसऱ्या हातानं टपाचा गज धरून. पोटात कालवलं. त्यात ओढ्याजवळ रस्ता खचलाय. जिथं जावं तिथं दुसऱ्या ऑफिसचं नाव सांगतात. कुणाचं काम काय, नीट कुणी सांगेल का?

निवृत्त वाहक (सांगली):
ताई, आरटीओ वेगळं आणि एसटी वेगळी. एसटी हे महामंडळ आहे, १९५० च्या कायद्याखालचं. फेरीची जबाबदारी आगार व्यवस्थापकाची, त्यांच्या वर विभाग नियंत्रक. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात नुसतं 'गाडी येत नाही' लिहू नका. तारीख, फेरीची वेळ, थांब्यावर किती पासवाल्या मुली होत्या, हे लिहा. रद्द फेरीची नोंद आगारात असते, तारखा जुळल्या की टोलवता येत नाही.
मुक्कामी गाडी परत मागायची असेल तर गावानं चालक-वाहकासाठी एक खोली द्यावी. दिवा, पाणी, संडास असावं. मी पावसाळ्यात देवळाच्या ओवरीत झोपून पहाटेची गाडी काढलीय, म्हणून सांगतो.

कराडकर:
वडाप मात्र आरटीओचा विषय. परमिट, फिटनेस, कर हे त्यांनी बघायचं. प्रवासी गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. पण ताई, आधी एसटीचा अर्ज द्या. एसटी सुरू व्हायच्या आत आरटीओनं जीप बंद केली तर पोरी घरीच बसतील.

मिस्त्री, मिरज:
रस्ता बघा आधी. गावाचा असेल तर जिल्हा परिषद, राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. किलोमीटरच्या दगडाचं डोकं हिरवं असलं की राज्यमार्ग समजा. आणि ओढ्याजवळ कड खचली असेल तर चालक भरलेली गाडी तिथून घालणार नाही. त्याचं बरोबरच आहे.

डोंगराकडची आई:
मिस्त्रीदादा, हे लक्षातच आलं नव्हतं! पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी हमखास गाडी चुकते. दगड बघून आले, डोकं हिरवं नाही. म्हणजे राज्यमार्ग नाही. प्रमुख जिल्हा मार्ग नाही ना एवढं विचारून आधी जिल्हा परिषद. तिथं खचलेल्या कडेचा फोटो देते, त्या अर्जाची पोच आगाराच्या अर्जाला जोडते. वही आजपासून सुरू केलीय: सोमवार, पावणेसात, गाडी नाही, मुली अकरा. खोलीचं काका म्हणतात ते ग्रामसभेत मांडते. शाळेची जुनी खोली रिकामीच आहे, फक्त पत्रा गळतो.