लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं, फक्त नाशिक शहर: कसं फिरावं?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. डिसेंबरात दिरांच्या मुलाचं लग्न आहे, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने आम्ही लातूरला परत. मधला अख्खा दिवस आम्हा दोघांचा, जो आमच्या संसारात क्वचितच मिळतो.

हे म्हणतात गाडी करू, त्र्यंबक, वणी, जमलं तर शिर्डीही. मला दिवसभर गाडीत बसायचं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. सातवाहनांचा धडा दरवर्षी शिकवते आणि पांडवलेणी अजून पाहिलेली नाहीत, याची लाज वाटते. हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. देवळं यांना आवडतात, रांगा नाही. उजवा गुडघा कुरकुरतो, पण सावकाश चढतात. शहरातलंच जुनं काय, कुठल्या क्रमाने बघावं?

सिडकोकर

ताई, एवढ्या लांबून येताय तर त्र्यंबक चुकवू नका. शहरापासून तीसेक किलोमीटर. पहाटे निघालात तर दुपारी परत. शिर्डी मात्र त्याच दिवशी नकोच.

तांबट लेन

सिडकोकर, पहाटे निघून दुपारी परत हे रांग नसली तर. त्या म्हणताहेत की यांना रांग चालत नाही. असो.

ताई, माझं माहेर आणि सासर दोन्ही जुन्या नाशकातलं, त्यामुळे माझा सल्ला एकतर्फी आहे हे आधीच सांगते. सकाळ लेण्यांना द्या, दुपारी झोपा, आणि चारनंतर नदीच्या दोन्ही काठांवर पायी फिरा. बाकी काही जोडू नका.

लेणी सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानकापासून) आठ-नऊ किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्यावर. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. पायऱ्या बांधलेल्या आहेत, ऊन चढायच्या आत वर पोचा. एकूण २४ लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरलात की शेवटी एकही लक्षात राहत नाही. तुम्ही ३, १० आणि १८ बघा. १८ हा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं. ३ नंबरच्या ओसरीखाली सहा धिप्पाड यक्ष अख्ख्या लेण्याचा भार खांद्यावर घेऊन बसलेत. आत गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. त्यात आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्राचं, ती इतकं कौतुक करते की काय सांगू. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालंय, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केला, सगळं आहे. धड्यात एका ओळीत उरकतात ते इथे भिंतभर आहे.

आणि मग १० नंबर, म्हणजे ज्यांचा निर्वंश केला त्यांचंच लेणं! नहपान या शक क्षत्रपाचा (राजाचा) जावई उषवदात याने कोरवलेलं. ओसरीत त्याचे लांबलचक दानलेख आहेत, आणि कोठडीच्या दारावर त्याच्या बायकोचा, दक्षमित्रेचा, आखूड लेख: ही कोठडी माझं दान. नवऱ्याने गावं, गाई, घाट, धर्मशाळा सगळं मोजून लिहिलंय, बायकोने एका वाक्यात आटोपलंय. आमच्या घरी नेमकं उलटं असतं.

तुमच्या साहेबांसाठी खास एक गोष्ट. उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले, पण विहारात नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांची चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं. हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवून नोंदवलासुद्धा. बँकेतल्या माणसाला गुडघा विसरायला एवढं पुरे.

वर्गात सांगायला आणखी एक: १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. ३ आणि १० नंबरचं भांडण या नाण्यांवर दिसतं.

खाली उतरलात की मिसळ खा. कुठली, ते विचारू नका, या धाग्यावर मारामाऱ्या होतील.

चार वाजता सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापासून सुरुवात करा. पेशवेकालीन वाडा आहे. गाडी आत आणायच्या भानगडीत पडू नका. तिथून भांडी बाजारातून खाली, रामसेतू ओलांडून नारोशंकराच्या देवळापाशी. देऊळ १७४७ चं. त्यावरची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयाची. नदीत दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्याकडे नीट बघा. पूर आला की आम्ही नाशिककर आकडे विचारत नाही, पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतो. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला लागतात.

मग चढ चढून काळाराम. सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ, भोवती ओवऱ्या. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथल्या दारांशी प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे १९३५ पर्यंत चालवला. दार उघडलं नाही. ते आठवून दरवाज्यांपाशी पाच मिनिटं थांबा. सीतागुंफा जवळच आहे, पण वाकून, सरकत आत जावं लागतं आणि रांगही असते. यांच्या गुडघ्यासाठी माझ्या मते सोडा.

उतरताना कपालेश्वर, महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. मग रामकुंड. संध्याकाळी गोदेची आरती असते. त्यानंतर अहिल्याबाई होळकर पुलावरून अलीकडे आलात की सुंदरनारायण, १७५६ चं. तिथून रविवार कारंजा दोन पावलांवर आणि रिक्षा हव्या तितक्या.

गोदाकाठचा

तांबट लेन ताईंनी विसाव्या शतकातलं फक्त काळाराम धरलं. इतिहासाच्या बाईंना विजयानंद थिएटर सांगायलाच हवं. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे 'शारदा'चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा, आणि अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. लग्न डिसेंबरात आहे म्हणून तारीख मुद्दाम दिली. वेळ उरला तर तिळभांडेश्वर गल्लीतलं अभिनव भारत मंदिरही (सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेचं स्मारक) बघा.

मांजराकाठची

तांबट लेन ताई, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. यक्ष, समुद्र, घंटा, सगळं मुकाट ऐकलं. व्याजाशी आल्यावर चष्मा लावून स्वतः वाचलं आणि पहिला प्रश्न: "म्हणजे वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. एकाच गावात दोन दर कसे?"

तांबट लेन

कारण लेखात दिलेलं नाही. एवढंच आहे की बाराचं व्याज चीवरांसाठी आणि नऊचं बाहेरच्या किरकोळ खर्चासाठी. साहेबांना म्हणावं, दोन्ही आकडे भिंतीवर आहेत, पण ब्राह्मी लिपीत. लेखाच्या भाषांतराचा कागद सोबत न्या, नाहीतर फक्त रेघा बघून परत याल. आणि आत अंधार असतो, बॅटरी न्या.