बाळासाठी खरंच काय लागतं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात बाळ येतंय. पाळणा, वॉकर, बाबागाडी... यादी वाढतच चाललीय. काय घेऊ?

– गाडीने जाणार असाल तर आधी कार सीट, तीही नवी. जुनीला अपघात झालाय का, ते वरून दिसत नाही. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. झोपायला सपाट, घट्ट गादी, उशी नको. मी हौसेने मऊ लोड आणले होते, पहिल्याच रात्री काढले.

– वॉकर नकोच! कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे. माझा लेक डोळ्यांदेखत जिन्याच्या तोंडाशी पोचला होता. आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

– वॉकर खोडला, ताई. लंगोट किती?

– दोन डझन तरी, सुती. अगदी लहान मापाची झबली मात्र चारच घ्या, महिन्यात आखूड होतात.