मदत हवी आहे: बीएस्सीनंतर रेडिओ खगोलशास्त्राकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात टीवाय बीएस्सी फिजिक्सला आहे. सध्या प्रोजेक्टसाठी बी०३२९+५४ या पल्सारचा (स्वतःभोवती फिरताना नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचा) डेटा हाताळतेय. हा तारा साधारण ०.७१४ सेकंदात स्वतःभोवती एक फेरी मारतो. कच्च्या डेटात बहुतेक नुसती खरखर दिसते, पण त्याच कालावधीचे तुकडे करून एकावर एक रचत गेलं की हळूहळू त्याच्या स्पंदाचा सुळका वर येतो. कमी वारंवारतेच्या लहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे उशिरा पोहोचतात, ती दुरुस्ती आधी करावी लागते. हे काम करताना मला वेळेचं भान राहत नाही!

शाळेत असताना खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली होती. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना तेव्हापासून डोक्यात आहेत. पुढे अशाच दुर्बिणीवर काम करायचंय. फावल्या वेळात पायथन, आकाशदर्शन आणि तबला. विशारदची तयारी चालू आहे आणि रियाज सोडायचा नाही, हे पक्कं.

आता अडचण. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, की जेस्ट ही दुसरी प्रवेश परीक्षा देऊन थेट इंटिग्रेटेड पीएचडीकडे (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) जावं? घरी आईबाबांना इतकी वर्षं शिकत राहण्याची काळजी वाटते, आणि ती मला समजते. या वाटेने गेलेल्या ताई-दादांनी स्टायपेंडमध्ये कसं भागतं, मध्येच विषय बदलता येतो का आणि संशोधन करताना कलेला खरंच वेळ मिळतो का, हे कृपया सविस्तर सांगाल का?