नऊ महिन्यांच्या बाळाला घड्याळ लावून झोपवावं का?

कांदिवलीची आई

लेक परवा नऊ महिन्यांची झाली. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यापासून ती दिवसभर सासूबाईंजवळ असते. मी सव्वाआठची लोकल पकडते, परत यायला साडेसात होतात.

घरात सध्या एकाच गोष्टीवरून वाद आहे. ती सकाळी साडेसहाला उठते. साडेनऊला पहिली झोप, अडीचला दुसरी, आणि चारनंतर काहीही झालं तरी उठवायचं, असं माझं म्हणणं. या वयाची मुलं तीन ते साडेतीन तास आरामात जागी राहतात, आणि रात्रीच्या आधीचा जागा वेळ सगळ्यात लांब लागतो. सासूबाई म्हणतात, झोपलेल्या लेकराला उठवू नये. मग दुपारची झोप कधी वीस मिनिटांत मोडते, लेक साडेपाचला मांडीवर पेंगते आणि सातपर्यंत झोपते.

त्याचं पुढे काय होतं ते सांगते. काल रात्री सव्वाअकराला ती गादीवर बसून स्टीलची वाटी फरशीवर आपटत होती. हसत होती, डोळे टक्क उघडे. मला साडेपाचला उठून डबा करायचा होता. मी दिवा बंद केला आणि रडले.

माझं मत ठाम आहे: सहा महिन्यांनंतर वेळ ठरवायलाच हवी.

लालबागची आजी

अगं, रडू नकोस. पण तुझं पटत नाही, म्हणून लिहिते.

मी दोन मुलं दहा बाय बाराच्या खोलीत वाढवली. यांची गिरणीत रात्रपाळी असायची, म्हणजे दिवसा हे झोपलेले आणि त्याच खोलीत बाळ जागं. आमचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. तरी भोंगा झाला म्हणून मी बाळाला कधी निजवलं नाही. त्याच्याकडे बघायची. धाकटा कान ओढायला लागला की दहा मिनिटांत झोळीत घालायचा, उशीर झाला की अर्धा तास आक्रोश. थोरली डोळे चोळायचीच नाही, नुसती गप्प होऊन एकीकडे बघत बसायची. हे तक्त्यात कुठे लिहिलेलं असतं?

आणि एक विचारते, राग मानू नकोस. तक्ता तू केलास, पण साडेनऊ ते चार तो पाळणार कोण? सासूबाईच ना? गुडघे दुखत असताना कडेवर घेऊन फिरवणाऱ्या बाईला त्यातलं थोडं ठरवू दे.

मुलुंडचं पाळणाघर

आजी, तुमचा मान राखून विरोध करते. माझ्याकडे अकरा मुलं आहेत, त्यातली तीन वर्षाच्या आतली. प्रत्येकाच्या कानाकडे बघत बसले तर कुणीच झोपणार नाही. आमच्याकडे वेळ ठरलेली असते, आणि मुलं पंधरा दिवसांत त्यात बसतात.

मात्र वेळेपेक्षा क्रम महत्त्वाचा. वरणभात, तोंड पुसणं, लंगोट बदलणं, पडदा, मग थोपटणं. रोज तेच, त्याच ओळीत. पडदा ओढला की एक मुलगा आपणहून आडवा होतो. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही.

बिघडवते ती रिक्षातली डुलकी. सकाळी आई बाळाला इकडे आणायला निघते, ते रिक्षात दहा मिनिटं डोळा लावतं, आणि तेवढ्यावर पहिली झोप उडते. अंगात साठलेली झोपेची ओढ तेवढ्यानेही उतरते. घरीसुद्धा दूध पिताना अशी डुलकी लागते का, हे सासूबाईंना विचारा.

विक्रोळीचा बाबा

माझा विरोध तुम्हा तिघींनाही आहे. मी घरी पोचतो नऊला, बायको साडेआठला. आमचा मुलगा दहा महिन्यांचा. त्याला साडेआठला झोपवलं तर सोमवार ते शुक्रवार मी त्याला फक्त झोपलेला बघणार. म्हणून आम्ही संध्याकाळची पाऊण तासाची झोप मुद्दाम ठेवली. तो साडेदहाला झोपतो, आठला उठतो, दिवसा अजून दोनदा झोपतो. चोवीस तासांत तेरा तास भरतात.

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये साधारण या वयाला दिवसाच्या झोपा धरून 12 ते 16 तास सांगितले. किती वाजता, ते सांगितलं नाही. तासातासाचे वेक विंडोचे, म्हणजे दोन झोपांमधल्या जाग्या वेळाचे, तक्ते इंटरनेटवर फिरतात, त्यांना तसा भक्कम अभ्यासाचा आधार नाही. 2010 मध्ये 17 देशांतल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या झोपेची तुलना छापून आली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडमध्ये मुलं सरासरी साडेसातच्या सुमाराला झोपत होती, हाँगकाँगमध्ये सव्वादहाला. तिकडची वेळ आपल्या लोकलच्या वेळापत्रकावर का लादायची?

कांदिवलीची आई

दादा, तुमचा मुलगा आठला उठू शकतो. आमच्या घरात साडेपाचला कुकरची शिट्टी होते, पाणी येतं, भांडी वाजतात. ती साडेसहाला उठणारच. रात्री अकराला झोपून साडेसहाला उठली तर रात्रीचे साडेसातच तास होतात, आणि तुमच्याच आकड्याने बारा भरायला दिवसा साडेचार तास झोप हवी. तेवढी ती झोपत नाही. तुम्ही वाचलेली तुलना मीही पाहिली आहे. उशिरा झोपणाऱ्या देशांतली मुलं एकूण झोपतही कमी होती, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आजी, तुमचा प्रश्न मात्र लागला. आज सासूबाईंना विचारलं, डुलकीबद्दलही. साडेबाराचं दूध पिताना ती रोज झोपते, त्या उठवत नाहीत. मला हे माहीतच नव्हतं. आता असं ठरवलंय: सकाळची वेळ आणि संध्याकाळचं उठवणं मी सांगितल्याप्रमाणे, मधलं सगळं त्यांच्या नजरेवर. दुपारची झोप लवकर मोडली तर पाचच्या आत वीस मिनिटं चालतील, पण नंतर नाही.

लालबागची आजी

संध्याकाळचं तर आमच्या आईनेच सांगितलं होतं, तिन्हीसांजेला लेकरू झोपू देऊ नये, दिवा लावायचा आणि खाली घेऊन जायचं. सासूबाईंना तक्ता म्हणून सांगू नकोस, हे असं सांग. आणि त्या दुधाच्या वेळी खिडकीचा पडदा उघडा ठेवायला सांग.