वाङ्निश्चय झाल्यावर दुसरं स्थळ बघायचं का? कॉलेज फुटबॉलमधले कमिट आणि फ्लिप

बॅटन_रूजचा_बाब्या:
मंडळी, ३ डिसेंबर २०२५ चा साइनिंग डे (पोरांनी कॉलेजशी सही करायचा दिवस) होऊन दहा-बारा दिवस झाले तरी डोकं शांत होईना म्हणून धागा काढतोय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे (आपला नाही, अंडाकृती बॉलवाला) कोच शाळेतली पोरं नववी-दहावीपासून हेरतात, स्कॉलरशिपची ऑफर देतात, मग पोरगं त्या कॉलेजचा शर्ट घालून "मी कमिट झालो" म्हणून फोटो टाकतं. पण सही थेट बारावीच्या डिसेंबरात. मधलं वर्ष दीड वर्ष सगळं तोंडी. म्हणजे आपला वाङ्निश्चयच, फक्त नारळाच्या जागी टोपी.

माझं म्हणणं साधं आहे, शब्द दिला तर पाळायचा. मी एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) एमएस केलंय त्यामुळे जखम कुठली ते सांगतो. ब्राइस अंडरवूड, २०२५ च्या क्लासमधला (त्या वर्षी कॉलेजात येणारी बॅच) एक नंबरचा म्हणून गाजलेला क्वार्टरबॅक (बॉल फेकून सगळा खेळ चालवणारा), जानेवारी २०२४ मधे आम्हाला कमिट झाला, दहा महिने आम्ही मनोरे रचले आणि २१ नोव्हेंबरला, सहीला दोन आठवडेही उरले नसताना, गडी मिशिगनला फ्लिप, म्हणजे आमचा शब्द मोडून तिकडे. यंदा पुन्हा तेच, सहीच्या आठवड्यात फोन चेक करायची भीती वाटत होती.

आणि "लहान आहेत हो ती" असं लगेच सुरू करू नका. क्वार्टरबॅक एका क्लासमधे साधारण एकच घेतात. तो कमिट झाला की कोच बाकीच्यांना फोन करायचं थांबवतो, ते बिचारे दुसरीकडे जातात. मग हा शेवटच्या पंधरवड्यात उठून गेला की ज्या पोराला खरंच आमच्याकडे यायचं होतं आणि "जागा भरली" म्हणून जो परत गेला त्याचं काय? माझा राग त्याच्यासाठी आहे. (बरं, थोडा एलएसयूसाठीही आहे.)

टेलगेट_मिसळ:
बाब्या, उपमा झकास, पण सोयीची तेवढीच लावलीस. वाङ्निश्चयात दोन्ही घरं बांधली जातात. इथं कॉलेजवाल्यांनी शे-दोनशे घरी होकार कळवलेला असतो आणि मांडवात जागा असते वीस-पंचवीस जणांची. आणि त्या ऑफरपण कसल्या, तर "ऑफर आहे बरं का, पण आत्ता हो म्हणू नकोस, आधी आमच्या कॅम्पला ये". पोरगं हो म्हणायला फोन करतं तेव्हा कळतं की ही ऑफर भिंतीवर लावायची होती. बारावीचा १ ऑगस्ट उजाडेपर्यंत लेखी ऑफर देता येत नाही, म्हणजे त्याआधीचा कोचचा शब्द पण हवेतच.

आणि एक सांग, तुमचा नवा कोच कुठून आला रे? ३० नोव्हेंबरला लेन किफिन ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून तुमच्याकडे आला. टीम ११-१ (अकरा जिंकल्या, एक हरली), प्लेऑफ तोंडावर, साइनिंग डे तीन दिवसांवर. त्याच्या शब्दावर कमिट झालेल्या पोरांना तीन दिवसांत आयुष्याचा निर्णय घ्यायला लागला. तेव्हा नाही आला तुझा धागा.

बॅटन_रूजचा_बाब्या:
हे येणार माहीत होतं 😄 ठीक आहे, खाल्ला मार. किफिनच्या वेळी मी पेढे वाटले हे खरं आहे. पण कोचने शेण खाल्लं म्हणून पोराने पण खावं का? कोचलाही धरा, मी कुठे नको म्हणतोय.

मिशिगनची_सून:
अंडरवूडचं नाव काढलंत म्हणून लिहिते, आमच्या घरी नवरा आणि सासरे दोघं मिशिगनवाले त्यामुळे गेल्या वर्षी हाच विषय जेवताना होता. तो पोरगा बेलव्हिलचा, अॅन आर्बरपासून (मिशिगनचं कॉलेज तिथंच) गाडीने अर्ध्या तासाच्या आत. घराजवळचं कॉलेज, आईवडील दर शनिवारी मॅचला येऊ शकणार, आणि पैसे, बातम्यांत चार वर्षांचे कोटी डॉलरच्या वर आकडे होते, ओरॅकलच्या एलिसनचं नावही आलं मदत करणाऱ्यांत. सतरा वर्षांच्या मुलाने यावर नाही म्हणायचं? तुम्ही म्हणाला असतात?

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या कोचसाठी तो आला त्या शेरोन मूरला मिशिगनने आत्ता १० डिसेंबरला काढून टाकलं. म्हणजे या वर्षीच्या पोरांनी ३ तारखेला सह्या केल्या आणि बरोबर सात दिवसांनी कोच घरी. आता सांगा शब्द कोणी कोणाला दिला होता.

पाचवा_वेद:
सूनबाई, कोच गेला तरी कॉलेज तिथंच आहे ना? वर्ग, डिग्री, लाखभर लोकांचं स्टेडियम सगळं तिथंच. सही कॉलेजबरोबर असते, कोचबरोबर नाही.

मिशिगनची_सून:
काका, कागदावर बरोबर आहे. पण घरी येऊन सोफ्यावर बसून आईच्या हातचं जेवून "तुमचा मुलगा आता माझा" म्हणणारा कोच असतो, कॉलेज नसतं.

वऱ्हाडी_लाइनबॅकर:
काऊन भाऊ, हे पैशाचं होऊन राहिलं आणि तुमी इथं वाङ्निश्चय लावून राहिले! जेडन रशाडा आठवतो का कोणाले? २०२२ मधे आधी मायामीले कमिट, मंग फ्लोरिडाले फ्लिप, सही पण केली, १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार म्हणून बोंब. पैसे आलेच नाही. शेवटी जानेवारी २०२३ मधे सहीतून सुटका मागून अॅरिझोना स्टेटले गेला अन् नंतर कोर्टात. तिथं तर लिहून दिलेलं होतं ना? मोठ्या माणसाईनं लिहिलेलं पाळलं नाही अन् पोट्ट्यानं तोंडी बोललेलं पाळावं म्हणता.

ढ_इंजिनियर:
मी बाब्याच्या बाजूने आहे पण वेगळ्या कारणाने. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला काय असतं, सीट आवडली तर फ्रीझ, नाहीतर बेटरमेंट टाकून पुढच्या राउंडची वाट बघा. दोन्ही चालतं, कोणी नावं ठेवत नाही. इथली पोरं काय करतात तर मनातून बेटरमेंट टाकतात आणि बाहेर फ्रीझ झाल्याचा फोटो, व्हिडिओ, ड्रोन शूट, आजीच्या डोळ्यांत पाणी. अरे मग सांग ना सरळ की अजून बघतोय! "कमिट" हा शब्दच कशाला? कमिट झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजला ऑफिशियल व्हिजिटला जायचं, त्यांच्या खर्चाने राहायचं-जेवायचं, त्यांच्या शर्टात फोटो काढायचे. यात वय लहान असण्याचा काय संबंध.

टेलगेट_मिसळ:
संबंध आहे. तू सांगतोस तसं "अजून बघतोय" म्हटलं तर जागा जाते. कोचच दम देतो की एकच जागा आहे, रविवारपर्यंत सांग नाहीतर दुसऱ्याला दिली. म्हणून पोरं आधी हो म्हणून जागा धरतात, एसटीत रुमाल टाकतात तसा. आता रुमाल टाकला म्हणून त्याच एसटीने गेलं पाहिजे असं कुठे आहे.

ढ_इंजिनियर:
रुमाल टाकून उतरलास तर निदान रुमाल तरी उचल. तो शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवतात ही तक्रार आहे. ट्रॅव्हिस हंटर घे. फ्लोरिडा स्टेटला वर्षापेक्षा जास्त कमिट, आणि २०२१ च्या साइनिंग डेच्या दिवशीच उठून जॅक्सन स्टेट, तिथला कोच डिऑन सँडर्सकडे. त्याच दिवशी! फ्लोरिडा स्टेटच्या कोचने काय करायचं दुपारी?

टेलगेट_मिसळ:
आणि तोच हंटर पुढे कोलोरॅडोला जाऊन २०२४ चा हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) घेऊन गेला. त्याचं काय बिघडलं? उलट एका छोट्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजकडे सगळ्या देशाची मान वळली त्या दिवशी. मला तर तो गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात भारी साइनिंग डे वाटतो.

आणि तू आयटीतला ना? इकडची ऑफर हातात, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, त्यात ती ऑफर दाखवून दुसरीकडून वाढवून घेणं, जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन बंद. हे आपल्या पिढीने केलंय आणि तेही तिशीत. पोरांना शिकवू नका.

ढ_इंजिनियर:
(गप्प)

निटनी_सिंहगड:
तुमचे एकेक फ्लिप घेऊन बसलात, आमच्या पेन स्टेटकडे बघा. १२ ऑक्टोबरला जेम्स फ्रँकलिनला काढलं, नवा कोच लवकर मिळेना, एकेक करत कमिट झालेली पोरं गळायला लागली, फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेला आणि बरीचशी त्याच्यामागे तिकडे. ३ तारखेला आमच्याकडे सह्या किती, तर दोन. दोन! हॉल बुक, केटरर आलेला आणि वऱ्हाडात नवरदेव आणि त्याचा मामा. पण खरं सांगू, मला एकाही पोराचा राग आला नाही. काढला आम्ही. पोरं त्या माणसाला हो म्हणाली होती.

पाचवा_वेद:
पूर्वी असं नव्हतं हे मात्र खरं. लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद होता, १९६४ पासूनचा. त्यावर सही केली की संपलं, मोडलंत तर एक वर्ष बाहेर. सही फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी. २०१७ मधे डिसेंबरातली आधीची सही सुरू केली म्हणे पोरांचा ताण कमी करायला, झालं उलटंच, कोच बदलायचा मोसम आणि सहीचा दिवस एकमेकांच्या डोक्यावर आले. २०२४ मधे तो कागदही बंद केला, आता आर्थिक मदतीचा करार असतो. त्या जुन्या कागदावर पालकांची सही लागायची त्यावरून आठवलं, २०१३ मधे अॅलेक्स कॉलिन्स अर्कान्सॉला सही करणार तर त्याच्या आईला ते पसंत नव्हतं, बाई कागद घेऊनच निघून गेली अशी बातमी होती. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सहीने काम झालं. आमच्याकडे असे प्रसंग मंगल कार्यालयात होतात.

नाना_शार्लटवाले:
मी एक उपाय सांगतो, शिव्या घालायच्या तर घाला. साइनिंग डे रद्दच करा. ज्या दिवशी ऑफर त्या दिवसापासून सहीचा अधिकार. पोरगं दहावीत असलं तरी. कोचला माहीत असेल की हा उद्या सही करू शकतो तर दोनशे ऑफर वाटेल का? वीसच वाटेल. खोट्या ऑफरी एका रात्रीत बंद. आणि पोराने सही केली नाही तर सगळ्यांना कळेल की हा अजून मोकळा आहे.

बॅटन_रूजचा_बाब्या:
नाना, हे मला शंभर टक्के मान्य.

मिशिगनची_सून:
मला अजिबात नाही. पंधरा वर्षांच्या मुलाकडून सही? तेव्हा उंची वाढायची बाकी, गुडघे शाबूत राहतील का माहीत नाही, आणि घरात पैशाची चणचण असेल तर आईबाप पहिल्या कागदावर सही करून मोकळे होतील. दोन वर्षांनी कोच गेला की पोरगं अडकलं.

नाना_शार्लटवाले:
त्यात कलम टाकायचं, हेड कोच बदलला की सही आपोआप रद्द. झालं.

निटनी_सिंहगड:
मग नाना आमच्याकडे यंदा दोनच्या जागी शून्य झाल्या असत्या 😂

केटीची_मावशी:
मी फार लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, इथे शुक्रवारी रात्री गाव रिकामं आणि स्टेडियम भरलेलं. शेजारचा मुलगा लाइनमन, धिप्पाड, माझ्या हातची पुरणपोळी सहा खायचा. काही वर्षांपूर्वी अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात एका कॉलेजला कमिट झाला, नाव नको, मोठं आहे. बाकी चार कॉलेजांना त्याने स्वतः फोन करून नाही सांगितलं कारण त्याच्या आईचं म्हणणं होतं की शब्द दिला आता लोकांना ताटकळत ठेवायचं नाही. म्हणजे बाब्याला हवं तसंच वागला तो. नोव्हेंबरात कोचचे मेसेज कमी व्हायला लागले. मग थँक्सगिव्हिंगच्या आधी फोन, की या वर्षी पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) दोन मोठी मुलं येतायत, तू ग्रेशर्ट घे, म्हणजे आत्ता येऊ नकोस, एक सेमिस्टर तुझं तू काढ आणि पुढच्या जानेवारीपासून स्कॉलरशिप. तोपर्यंत त्या चार ठिकाणच्या जागा भरल्या होत्या. कोणी फ्लिप म्हणून बातमी नाही केली त्याची. पोरगा गेला की फ्लिप, कॉलेजने सोडलं की त्याला नावच नाही.

टेलगेट_मिसळ:
मावशी, हेच. आता तर टीममधे एकूण १०५ जणांचीच मर्यादा आली, शिवाय कॉलेजांना २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटता येतात, मग कोच अठरा वर्षांचं कच्चं पोर घेईल की बावीस वर्षांचा तयार गडी? शाळेतल्या मुलांचीच जागा आवळत चाललीय.

बॅटन_रूजचा_बाब्या:
मावशी, खरंच वाईट वाटलं. पण माझा मुद्दा तोच आहे हो. पोर्टलमधून शेवटच्या क्षणी कोणीतरी आलं आणि याची जागा गेली. अंडरवूड गेला तेव्हाही कोणाची तरी गेलीच. मधे चेंगरतो तो शब्द पाळणारा.

केटीची_मावशी:
बरोबर आहे बाळा. पण तू धागा अंडरवूडवर काढलास, त्या कोचवर नाही काढलास.

वऱ्हाडी_लाइनबॅकर:
मावशीनं सॅक केला (क्वार्टरबॅकले आडवा पाडतात तसा) न भाऊ याले 😂

बॅटन_रूजचा_बाब्या:
केला. बरं मावशी, पुढे काय झालं त्याचं?

केटीची_मावशी:
लहान कॉलेजला गेला, खेळतोय, बरा आहे. आता त्याचा धाकटा भाऊ अकरावीत आहे, तो गेल्या महिन्यात कमिट झाला आणि शनिवारी त्यांच्याकडे जेवण आहे. केक माझ्याकडे लागलाय. मी त्याच्या आईला विचारलं की कॉलेजचा लोगो कुठला रंग वगैरे पाठव, तर म्हणाली नको, नाव आणि जर्सीचा नंबर तेवढा घाल.