खानदेशी पदार्थांचा ब्लॉग सुरू केलाय पण वाचायला फक्त नातेवाईक, काय करू?

जळगावची_लेक:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुमारास ब्लॉगस्पॉटवर खानदेशी पदार्थांचा ब्लॉग सुरू केला. शेवभाजी, भरीत, फौजदारी डाळ असे वीसेक लेख झालेत पण आकडे बघितले की रडूच येतं, जे काय येतात ते आमच्या फॅमिली ग्रुपवरचे आणि त्यातही मावशी न वाचताच अंगठा टाकते. आता एक जण मागे लागलाय की कोर्स घ्या, महिन्यात लाखभर व्हिजिटर देतो, फी नऊ हजार. नवरा म्हणतो ब्लॉगस्पॉट सोडून वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-सेवेवर जा, बहीण म्हणते इंग्रजीत लिही, मराठी कोण वाचतंय. पैसे मिळाले तर छानच पण आधी कुणीतरी अनोळखी माणसाने वाचावं हो!

जुना_खाटिक_नव्हे_ब्लॉगर:
नऊ हजार आधी पर्समध्ये परत ठेवा. असे लाखभर व्हिजिटर म्हणजे बहुतेक बॉट, माणसं नव्हे तर आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, ते भरीत करत नाहीत, आणि पुढे अ‍ॅडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) घेतलंत तर असल्या खोट्या ट्रॅफिकपायी अकाउंट बंद होतं ते वेगळंच.
वर्डप्रेसची पण घाई नको. तुमच्या एखाद्या लेखाची लिंक बघा, शेवटी नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा दिसेल, कारण ब्लॉगर, म्हणजे तुमच्या ब्लॉगस्पॉटमागची सेवा, देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवतच नाही. लिहितानाच उजवीकडे पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याच्या जागी) जाऊन कस्टम करा, इंग्रजी अक्षरांत पदार्थाचं नाव टाका आणि मगच पब्लिश. जुन्यांना हात लावू नका, पत्ता बदलला की आधी शेअर केलेल्या लिंका तुटतात. वर्डप्रेसवर उलटी तऱ्हा, तिथे देवनागरी पत्ता बनतो पण व्हॉट्सॅपवर टाकला की टक्क्याच्या खुणांचं शेपूट, एकेका अक्षराला नऊ-नऊ चिन्हं, आणि २०० चिन्हांच्या पुढे जागा नाही म्हणून लांब शीर्षक असलं तर मधेच कापलं जातं. तिथेही हातानेच छोटा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे काम तेच.
आणि गूगल सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं.

डबेवाली_कोथरूड:
ताई, प्रोफाइलमधून जाऊन शेवभाजी वाचून आले. चव आहे लिहिण्यात पण पहिले चार परिच्छेद आजोळच्या वाड्याचे, आणि मला हवं होतं ते एका ओळीत उरकलंय: "कांदा-खोबरं काळं भाजून घ्या". अहो काळं म्हणजे किती काळं?? इथेच तर सगळ्यांचं घोडं अडतं. करपलं की रस्सा कडू, कमी भाजलं की नुसता लाल रस्सा. भाजताना मधे मधे फोटो काढा, कढईतला रंग दिसू दे. शेव नेमकी कुठली, वाढताना टाकायची की उकळीत, हेही लिहा, मी उकळीत टाकली आणि लगदा झाला.
भरिताचं तसंच. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, ठीक, अभिमान वगैरे, पण पुण्यात ती हिरवी वांगी रोज कुठे मिळतात आणि काड्यांवर भाजायला अंगण कुणाकडे आहे? जांभळं वांगं गॅसवर भाजून तुमच्या भरिताच्या जवळपास कसं जायचं हे लिहा, ते मी शोधत येईन. पनीर बटर मसाला कृपया नको, तो ढिगाने आहे. ज्वारी-उडदाची ती कळण्याची भाकरी घ्या, उडीद किती, सालासकट की डाळ, यावर घराघरात भांडणं आहेत.

तिरका_सदाशिव:
सगळं खरं पण आता लोक रील बघतात, वाचत नाहीत. शिवाय कमाईचं आधीच ऐकून ठेवा: अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही, १० डॉलर झाले की घरचा पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, आणि मराठी पानावर क्लिकचा भाव इंग्रजीच्या मानाने फारच कमी. पहिली दोन वर्षं भाजीचे पैसे सुटले तरी खूप.

डबेवाली_कोथरूड:
सदाशिवराव, हात पिठात असताना रील पाच वेळा मागे नेऊन बघा एकदा. प्रमाण बघायला लिहिलेलंच लागतं. आणि इंग्रजी कशाला, पदार्थाचं नाव लेखात एकदा इंग्रजी अक्षरांत टाकलं म्हणजे झालं, निम्मी जनता फोनवर तसंच टाइप करते.

जळगावची_लेक:
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! कोर्सवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. काल कन्सोल जोडलं तर बऱ्याच लेखांपुढे 'सापडलं, पण अजून इंडेक्स केलेलं नाही' असं येतंय, काही बिघडलंय का?

जुना_खाटिक_नव्हे_ब्लॉगर:
नाही हो, नव्या ब्लॉगला चालतं. गूगलला पत्ता माहितीये, अजून वाचायला आलं नाहीये. शेवभाजीच्या लेखातून भरिताची, भरितातून भाकरीची अशा आपल्याच लिंका एकमेकांत द्या, त्याने जरा लवकर येतं. आणि कळण्याचं प्रमाण इथेही टाका, आमच्याकडे उडीद भिजत पडलेत.