'मर्यादित शासन' म्हणजे छोटं सरकार नव्हे

अमेरिकी राजकारणावरचा मजकूर मराठीत आणताना 'लिमिटेड गव्हर्नमेंट' हमखास भेटतं. त्याला 'मर्यादित शासन' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात 'म्हणजे सरकार जितकं छोटं तितकं बरं' असा अर्थ लावून मोकळे होतात. माझा आक्षेप शब्दाला नाही, या अर्थाला आहे.

मर्यादित जागा, मर्यादित साठा यांमुळे आपल्याला 'मर्यादित' म्हणजे थोडकं वाटतं. पण मर्यादा म्हणजे मुळात शीव, हद्द. सोसायटीच्या पाटीवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' लिहितात. संस्था दोनशे घरांची असली तरी लिहितातच, कारण तिथे मर्यादा आहे ती सभासदांवरच्या देणेदारीला.

'मर्यादित शासना'तही मर्यादा आहे ती अधिकारांना, आकाराला नव्हे. अमेरिकेतला १९९५चा लोपेझ खटला बघा. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला बारावीतला एक मुलगा शाळेत पिस्तूल घेऊन आला. शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणं १९९०च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. शाळेत पिस्तूल चालेल, असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. टेक्सासच्या स्वतःच्या कायद्यानेही तो गुन्हाच होता. प्रश्न एवढाच होता की असा कायदा करायचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिलाय का. राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करायचा अधिकार काँग्रेसला देणाऱ्या कलमात हे बसत नाही, असं सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलं. तिथल्या परंपरावाद्यांना (कॉन्झर्व्हेटिव्हांना) हा निकाल मोलाचा वाटतो तो याचसाठी. (त्यांना 'हुजूर' म्हणू नये. ते आपल्या वर्तमानपत्रांनी ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला दिलेलं नाव आहे.)

प्रतिसाद: पण राष्ट्राध्यक्ष रेगन १९८१च्या शपथविधीच्या भाषणात 'सरकार हीच समस्या' म्हणाले होते. ते छोट्या सरकारबद्दलच ना?

उत्तर: त्या वाक्याची सुरुवात 'सध्याच्या या संकटात' अशी होती, उद्धृत करताना ती गळते. त्याच भाषणात ते असंही म्हणाले की सरकार मोडीत काढायचं नाही, ते नीट चालवायचंय. आणि राज्यं केंद्राने निर्माण केलेली नाहीत, केंद्र राज्यांनी निर्माण केलंय. हा दुसरा मुद्दा थेट हद्दीचा, १७९१च्या दहाव्या घटनादुरुस्तीच्या वळणाचा: केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. अर्थात केंद्राचा आकार आणि प्रभाव दोन्ही कमी करायचा इरादाही त्यांनी तिथेच बोलून दाखवला. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच भाषणात आहेत, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणून तर दोन वेगळे शब्द हवेत. खर्च आणि खाती कमी असलेलं ते 'आटोपशीर सरकार'. घटनेने हद्द आखून दिलेलं ते 'अधिकारमर्यादित शासन'. दुसरा जरा जड आहे, कबूल. पण 'एन्युमरेटेड पॉवर्स'ला 'नेमून दिलेले अधिकार' म्हटलं की त्याच्या शेजारी तो खटकत नाही.